माफीनाम्यात ‘मला’ कुठे आहे?

२० फेब्रुवारी २०१३ रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन अमृतसरच्या जालियनवाला बागेत गेले आणि तिथल्या अभिप्रायवहीत त्यांनी लिहिले की ही ब्रिटिश इतिहासातली अत्यंत लाजिरवाणी घटना होती. सहा वर्षांनी, हत्याकांडाच्या शताब्दीला तीन दिवस उरले असताना, १० एप्रिल २०१९ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत त्याच घटनेला लाजिरवाणा व्रण म्हटले आणि जे घडले त्याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. दोन्ही निवेदनांत लाज आहे. ती कोणाला वाटते, याचा मात्र पत्ता नाही. घटना लाजिरवाणी, व्रण लाजिरवाणा. घटनेला काही लाज वाटत नसते, आणि व्रणालाही नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, जस्टिन वेल्बी त्या बागेत आले. स्मारकासमोर त्यांनी जमिनीवर अक्षरशः लोटांगण घातले आणि सांगितले की इथे घडलेल्या गुन्ह्याच्या परिणामांची मला लाज वाटते, मी क्षमा मागतो. ब्रिटिश सरकारच्या वतीने बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. ज्याच्याकडे अधिकार नव्हता त्याने ‘मला’ म्हटले. ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांनी विशेषण वापरले.

तिघेही इंग्रजीतच बोलत होते. म्हणजे ‘मला लाज वाटते’ म्हणायची सोय इंग्रजीत आहे. ती वापरायची की नाही, हे बोलणारा ठरवतो. हे आधीच सांगून ठेवायला हवे, कारण भाषा आणि लाज यांवर बोलू लागले की एक जुनी वाटणी हमखास पुढे येते: पूर्वेकडचे समाज लाजेवर चालतात, पश्चिमेकडचे अपराधभावनेवर. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ मध्ये जपानबद्दल लिहिताना ही मांडणी केली आणि तेव्हापासून ती वाटेल तिथे चिकटवली जाते. ती मला पटत नाही. व्याकरणाने कोणी प्रामाणिक होत नाही. पण वाक्यातून माणूस कुठून निसटतो, ते व्याकरण चांगले दाखवते. आपल्याकडच्या सरकारी, कंपन्यांच्या आणि राजकीय दिलगिरीने नेमकी इंग्रजीतली ती फट उचलून मराठीत आणली आहे, आणि हाताशी असलेले मराठी वाक्य बाजूला ठेवले आहे. सार्वजनिक माफी मराठीत मागायची असेल तर ती आधी मराठीतच लिहिली गेली पाहिजे, आणि तिच्यात ‘मला’ किंवा ‘आम्हाला’ असलेच पाहिजे.

हे समजून घ्यायला इंग्रजीच्या शेजारी लाटव्हियन भाषा ठेवून पाहावी. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या लाटव्हियाची ही भाषा. मातृभाषा म्हणून बोलणारे सुमारे १५ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नाशिक शहराएवढे. लिथुआनियन ही तिची सख्खी बहीण आणि मराठी फार दूरची नातेवाईक, कारण मूळ इंडो-युरोपीय घर एकच. ‘मला लाज वाटते’ हे लाटव्हियनमध्ये ‘मन् इर कौन्स’ असे होते. ‘मन्’ म्हणजे मला, ‘इर’ म्हणजे आहे, ‘कौन्स’ म्हणजे लाज. जवळ असणे सांगायला इंग्रजीत वेगळे क्रियापद आहे. लाटव्हियनमध्ये तसे नाही, तिथे चतुर्थीने भागते. ‘मन् इर ब्रालिस’ म्हणजे मला भाऊ आहे, शब्दाला शब्द. भीती, आवड, कीव, थंडी हे सगळे असेच चतुर्थीतल्या माणसाकडे येते. मराठी माणसाला यात काही नवल वाटणार नाही. लाटव्हियन शिकणाऱ्या इंग्रजाला मात्र पहिल्याच महिन्यात यावर घाम फुटतो, कारण त्याच्या भाषेत भावना हे कर्त्याचे विशेषण असते.

विशेषण सुटे असते आणि एकावरून काढून दुसऱ्यावर घालता येते, म्हणूनच हा फरक महत्त्वाचा आहे. ‘मी लज्जित आहे’ यातली लाज ‘घटना लज्जास्पद आहे’ इथे अलगद सरकते आणि माणूस मोकळा होतो. ‘मला लाज वाटते’ यातून ‘मला’ काढले की ‘लाज वाटते’ एवढेच उरते आणि ऐकणारा लगेच विचारतो, कोणाला? अर्थात ही पळवाट मराठीत आणि लाटव्हियनमध्ये मुळीच नाही, असे नाही. आपल्याकडे ‘लाजिरवाणे’ आहे, ‘शरमेची बाब’ आहे. तिकडे ‘कौन्पिल्न्स’ आहे, म्हणजे लाजेने भरलेला. पण या दोन्ही भाषांत साधे, घरगुती, रोजचे वाक्य चतुर्थीचे आहे. विशेषणाकडे जायला मुद्दाम वळावे लागते, आणि वळणारा दिसतो.

लाटव्हियन वाक्याला आणखी दोन जागा असतात. कशाची लाज, ते ‘पार’ या शब्दाने सांगतात, आपल्या ‘बद्दल’सारखे. कोणापुढे लाज, ते ‘प्रिएक्शा’ने, म्हणजे शब्दशः ‘समोर’. ‘मुम्स इर कौन्स यूसु प्रिएक्शा’ म्हणजे आम्हाला तुमच्यासमोर लाज वाटते. कोणाला, कशाबद्दल, कोणासमोर: तिन्ही जागा भरल्या की वाक्य पुरे होते. मराठीतही हेच तीन खण आहेत. कुठलाही माफीनामा हातात घ्यावा आणि हे तीन खण तपासावेत. कुठला रिकामा आहे ते पाहिले की लिहिणाऱ्याने काय टाळले, ते कळते. जालियनवाला बागेच्या दोन्ही सरकारी निवेदनांत ‘कशाबद्दल’ आहे. ‘कोणाला’ आणि ‘कोणासमोर’ रिकामे आहेत.

आता लाजेची धाकटी बहीण. इंग्रजीत लाज आणि ओशाळलेपण यांना दोन वेगळे शब्द आहेत आणि रोजच्या बोलण्यात त्यांची गल्लत सहसा होत नाही. सभेत चहा सांडला तर इंग्रज माणूस ओशाळतो. लाच घेताना सापडला तर त्याला लाज वाटायला हवी. लाटव्हियनमध्येही ही फारकत आहे. चहा सांडला तर ‘मन् इर ने-एर्ति’, म्हणजे मला अवघडल्यासारखे झाले. ज्या शब्दाने बसायला त्रासदायक खुर्चीचे वर्णन करतात, तोच हा शब्द. प्रसंग विचित्र असेल तर ‘नेवेइक्ली’, गोंधळून लाल व्हायला झाले तर ‘मुल्सुम्स’, मुळातच बुजरा स्वभाव असेल तर ‘कौत्रीबा’. मराठीत ओशाळणे, खजील होणे, वरमणे, संकोच, अवघडलेपण हा साठा कमी नाही. तरीही घाईत आपण सगळ्याला ‘लाज’ म्हणतो. चित्रपटांच्या मराठी उपशीर्षकांत आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात ही घाई ठळक दिसते. इंग्रजीत पात्र नुसते ओशाळलेले असते आणि मराठीत ते नैतिक पश्चात्तापात बुडते. इंग्रजीत कोणी ‘अरेरे, वाईट झाले’ एवढेच म्हणत असते, पण त्या वाक्प्रयोगात लाजेचा शब्द असल्यामुळे मराठीत ‘किती लाजिरवाणे’ होऊन बसते. लाटव्हियन अनुवादक अशा ठिकाणी ‘त्सिक झेल’ लिहून मोकळा होतो. त्यात लाज नाही, हळहळ आहे.

ही नुसती शब्दकोशातली बारीकसारीक भांडणे वाटतील, पण सार्वजनिक जीवनात इथेच खरी फसवणूक होते. ओशाळलेपणाला साक्षीदार लागतो. कोणी पाहिलेच नाही तर चहा पुसला की झाले. लाज साक्षीदाराविनाही टिकू शकते. बहुतेक संस्था ज्याला माफी म्हणतात ती ओशाळल्याची कबुली असते: आम्ही पकडले गेलो, चारचौघांत शोभा झाली. वृत्तपत्री मराठीत यासाठी अचूक शब्द आहे, ‘नामुष्की’. आणि तिचे क्रियापद पाहा: नामुष्की ओढवते. गारपीट ओढवावी तशी ती बाहेरून येते, आणि सरकार बिचारे खाली उभे असते. लाटव्हियन बातमीदारही याच जातीचा बाहेरून आलेला शब्द वापरतात, ‘ब्लामाझा’. संघ हरला, निविदा फसली, मंत्री तोंडघशी पडला, सगळे ब्लामाझा. असा शब्द बातमीत शोभतो. माफीपत्रात तो आला, किंवा त्याच अर्थाचे ‘संस्थेच्या प्रतिमेला धक्का बसला याचा आम्हाला खेद आहे’ असे वाक्य आले, तर समजावे की लिहिणाऱ्याला स्वतःच्या नाकाची काळजी आहे. ज्याचे नुकसान झाले तो माणूस त्या पत्रात अजून आलेलाच नाही.

सर्वांत जास्त ऐकू येणारी माफी रेल्वेच्या फलाटावरची: प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. लाटव्हियातल्या बंद दुकानावर, खोदलेल्या रस्त्यावर, उशिरा येणाऱ्या बसच्या थांब्यावर हुबेहूब हेच वाक्य असते: ‘अत्वैनुओयामिएस पार सगादातायाम ने-एर्तीबाम’, म्हणजे तुम्हाला दिलेल्या गैरसोयींबद्दल क्षमस्व. यातली ‘गैरसोय’ आणि मघाचे ‘अवघडलेपण’ एकाच शब्दातून निघालेली आहेत. गाडी अर्धा तास उशिरा आली तर या वाक्याने काही बिघडत नाही. बिघडते ते तेव्हा, जेव्हा हेच वाक्य कोसळलेल्या पुलाला, चुकीच्या इंजेक्शनला किंवा बुडालेल्या ठेवींना लावले जाते. जीव गेल्यावर गैरसोयीबद्दल दिलगिरी ही माफी उरत नाही, अपमान होतो. आणि तो अपमान करणाऱ्याला कळतही नाही, कारण त्याने फक्त साचा भरलेला असतो.

राजकीय साचा वेगळा: कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो. यात चार ठिकाणी सांधा निखळलेला आहे. ‘कोणाच्या’ म्हणजे दुखावलेला माणूस अज्ञात. ‘असतील तर’ म्हणजे तो दुखावलाच आहे याचीही खात्री नाही. ‘भावना’ म्हणजे दोष त्याच्या नाजूकपणात, माझ्या शब्दांत नाही. आणि ‘व्यक्त करतो’ म्हणजे मला दिलगिरी वाटते असे मी म्हणतच नाही, ती फक्त तुमच्या टेबलावर ठेवून जातो. लाटव्हियन पुढाऱ्यांची ‘इझ्साकू नोझेलू’, म्हणजे ‘खेद व्यक्त करतो’, ही घडणही तीच आहे. तिथे ‘जर’ला ‘या’ म्हणतात आणि तो वाक्याच्या सुरुवातीलाच येतो, एवढाच फरक. इंग्रजीतला मूळ नमुना आणखी पुढचा आहे: ‘चुका झाल्या’. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला गुपचूप शस्त्रे विकल्याच्या प्रकरणी तिथल्या संसदेसमोर, म्हणजे काँग्रेससमोर, तो वापरला. चुका झाल्या, जसा पाऊस झाला.

इंग्रजी माफी इतकी भित्री का झाली, याचे कारण व्याकरणात शोधू नये. ते वकिलाच्या आणि विमा कंपनीच्या कार्यालयात आहे. माफी मागितली की चूक कबूल केली, आणि चूक कबूल केली की भरपाई, हे भय तिथे खरे होते. म्हणून कायद्यालाच मध्ये पडावे लागले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९८६ मध्ये अपघातानंतरच्या सहानुभूतीच्या शब्दांना पुराव्यातून वगळले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये स्वतंत्र माफी कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याच वर्षीच्या भरपाई कायद्याच्या कलम २ ने स्पष्ट केले की माफी, उपचारांची तयारी किंवा अन्य भरपाईचा देकार म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आपला कायदा केला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तर २०१४ पासून नियमच आहे: रुग्णाला उपचारात गंभीर इजा झाली तर रुग्णालयाने ते लवकरात लवकर सांगायचे, घडले ते खरे सांगायचे, माफी मागायची आणि हे सगळे लेखी द्यायचे. भीती काढली तर सरळ वाक्य लिहिता येते, असे त्या देशांनी स्वतःच मान्य केले आहे. मग त्यांच्या भित्र्या काळातला साचा आपण जपून का ठेवायचा?

सरळ वाक्य इंग्रजीत कसे होते ते ऑस्ट्रेलियात दिसले. मूळनिवासी मुलांना आईबापांपासून हिरावून नेल्याबद्दल २६ ऑगस्ट १९९९ रोजी जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने संसदेत ‘खोल व प्रामाणिक खेद’ नोंदवला. क्षमेचा शब्द टाळला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी केविन रुड उभे राहिले आणि एकामागून एक तीन वाक्ये म्हणाले: ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान म्हणून मी क्षमा मागतो, सरकारच्या वतीने मी क्षमा मागतो, संसदेच्या वतीने मी क्षमा मागतो. ‘संस्थेला कुठे लाज वाटते, संस्था म्हणजे काय माणूस आहे का’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला याहून नेटके उत्तर मला माहीत नाही. पद, सरकार आणि संसद, तिन्हींना एका माणसाने आपला आवाज दिला. आधीचा खेद आणि ही क्षमा यांच्यात साडेआठ वर्षे गेली. भाषा तीच होती.

आणि लाटव्हियनचे कौतुक करताना त्यांचाही एक कागद दाखवायला हवा. नाझी ताब्याच्या काळात रिगाजवळच्या रुंबुला जंगलात ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत सुमारे २५ हजार ज्यू मारले गेले. हुकूम जर्मनांचा, पण स्थानिक लाटव्हियन सहायक दलेही त्यात होती. युद्धात आणि नंतर हिरावलेल्या ज्यू मालमत्तेबद्दल लाटव्हियाच्या संसदेने फेब्रुवारी २०२२ मध्ये कायदा केला आणि ज्यू समाजाच्या निधीला टप्प्याटप्प्याने ४ कोटी युरो द्यायचे ठरवले. कायद्याच्या नावात शब्द आहे ‘सद्भावनेची भरपाई’. लाजेचे इतके नितळ वाक्य ज्या भाषेत आहे, तिनेही राज्याच्या पातळीवर सद्भावना निवडली. पैसे दिले, हे मोठेच काम. पण देणारा उदार ठरला आणि देणेकरी होण्यातून सुटला. मूळ गुन्हा परकीय सत्तेचा होता, हे त्यामागचे कायदेशीर कारण समजते. तरी ‘कोणाला’चा खण रिकामाच राहिला.

लाजेचे वाक्य द्वितीय पुरुषात मात्र कधीच रिकामे नसते. ‘वै तेव नाव कौना?’ म्हणजे तुला लाज नाही का? ‘कौनिएस!’ म्हणजे लाज धर. दुसऱ्याला लाजवणे यासाठी लाटव्हियनमध्ये प्रयोजक क्रियापद आहे, ‘कौनिनात’. इंग्रजीत तर लाज हे नामच थेट क्रियापद होते. गुन्हेगाराला चौकात बांधायचा खांब युरोपात सगळीकडे होता. लाटव्हियनमध्ये त्याला ‘कौना स्ताब्स’, लाजेचा खांब, म्हणतात आणि आजही कोणाची जाहीर निर्भर्त्सना झाली की तोच शब्द निघतो. आपल्या विधिमंडळात ‘शेम शेम’ होते, तेही बाकाच्या पलीकडे बोट दाखवूनच. मालमत्ताकर थकवणाऱ्यांच्या दारात काही महापालिकांनी ढोल-ताशे वाजवले. उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना गाठायला गावोगाव ‘गुड मॉर्निंग पथके’ पहाटे उठली. अशा मोहिमांनी थोडी वसुली होते, थोडी धावपळ होते. पण लाजवला गेलेला माणूस सहसा सुधारण्याआधी लपायला शिकतो. ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट १९८९ पासून मांडत आले आहेत की निषेध कृत्याचा व्हावा आणि माणसाला परत यायला दार उघडे राहावे, नाहीतर तो कायमचा बाहेरच्यांत जाऊन मिळतो. ढोल वाजवणाऱ्या पालिकेला हे दार आठवत नाही. आणि तीच पालिका खड्ड्यात पडून कोणी मेले की ‘आम्हाला लाज वाटते’ कधी म्हणत नाही. लाज वरून खाली वाटायची आणि खालून वर कधी घ्यायची नाही, ही सवय मला भाषांतरापेक्षाही जास्त खटकते.

एक अडचण खरी आहे. मराठीतला ‘लाज’ शब्द विनयाशी, विशेषतः बाईच्या विनयाशी, इतका गुंतलेला आहे की आयुक्तांच्या पत्रात तो कानाला विचित्र लागतो. ‘मी लाजलो’ असे तर कोणी म्हणूच शकत नाही. तो वेगळाच प्रसंग होईल. लाटव्हियनमध्ये बुजणे आणि लाज यांची क्रियापदे वेगळी असल्याने हा घोळ कमी होतो. पण यावर उपाय फार दूर नाही. ‘लाज’ जड वाटली तर ‘शरम’ घ्या, ‘आमची मान खाली गेली’ म्हणा, किंवा भावना पूर्ण सोडून ‘आम्ही चुकलो’ म्हणा. तीन खण भरले तर भावनेचा शब्द साधा असला तरी चालतो.

समजा एखाद्या पालिकेने दूषित पाणी सोडले आणि वस्तीत गॅस्ट्रोची साथ आली. साच्यातले पत्र असे येते: ‘काही भागांत पाणीपुरवठ्यात तांत्रिक अडथळा निर्माण झाल्याने नागरिकांची गैरसोय झाली असल्यास प्रशासन दिलगीर आहे.’ हेच मराठीत लिहायचे तर पहिले वाक्य घटनेचे: अमुक तारखेपासून अमुक दिवस, अमुक वस्तीत, सांडपाणी मिसळलेले पाणी नळाला आले, इतके लोक आजारी पडले. आकडा बदलणारा असेल तर ‘आज सकाळपर्यंत’ लिहावे, ‘काही’ लिहू नये. दुसरे वाक्य कारणाचे, कर्तरी प्रयोगात: तक्रार आल्यावरही आम्ही जलवाहिनी तीन दिवस तपासली नाही. ‘तपासणी होऊ शकली नाही’ असे झाले की पत्र पुन्हा साच्यात गेले. तिसरे वाक्य लाजेचे, आणि तिन्ही खण भरून: याची आम्हाला तुमच्यासमोर शरम वाटते. त्यानंतर क्षमा, आणि ती मागायची असते, व्यक्त करायची नसते. शेवटी उपचारांचा खर्च कोण देणार, कुठल्या खिडकीवर, कुठले कागद घेऊन, कोणत्या तारखेपर्यंत. ‘जर’, ‘असल्यास’, ‘काही’, ‘कोणाच्या’ हे शब्द अशा पत्रात सापडले तर लाल शाईने गोल करून परत पाठवावेत. ‘परंतु’ क्षमेच्या पुढच्या वाक्यात आला तर क्षमा रद्द झाली असे धरावे. कारण सांगायचे ते आधी सांगून झालेले असते.

खाली सही ‘जनसंपर्क विभाग’ अशी नको. जलवाहिनी ज्याच्या अखत्यारीत येते त्या अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा हवा. आणि इंग्रजी प्रत लागणार असेल तर ती मराठीवरून करून घ्यावी, उलट नको.